तिसरा डबा

पहाटेचे तीन.
लोकमान्यनगरात आत्ता दोनच दिवे जागे,
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी अधिकची खूण
आणि आमच्या न्हाणीघरातला.

तू कोरडीच रडतेस.
डॉक्टर आठले म्हणाल्या, आसवं यायला महिना लागतो,
तोवर नुसता आवाज.
तुला खांद्यावर घेऊन मी
हॉल ते ओटा, ओटा ते हॉल,
एकोणीस पावलं. मोजलीत.
बाविसाव्या फेरीला अठराच भरली.
हरवलेलं एक
अंधारात शोधायची ताकद नाही.

शाल्मली बसल्या बसल्या झोपलीय,
हातात अळिवाच्या खिरीची वाटी, तिरकी.
टाके ओढतात, कुशीवर वळता येत नाही,
हे ती सांगत नाही कुणाला,
फक्त हसताना पोट धरते.
म्हणून पंधरा दिवस
मी विनोद बंद ठेवलेत.

रामकुंवरबाई येतात मालिशला.
तुला पायांवर उपडी घालून, तेल चोळत म्हणतात,
"छोरी तो घणी जिद्दी हे, बाप पे गी हे."
मी कधी कशाचा हट्ट धरल्याचं आठवत नाही.
पण त्यांचा हात इतक्या खात्रीनं फिरतो
की वाटतं,
धरला असेल.

सासूबाई काल देवासला परतल्या.
बाळंतशोपा किती, ओवा किती, धुरी कधी,
सगळं वहीत लिहून ठेवलं. शेवटी : घाबरू नका.
त्यावर तिळाच्या तेलाचा थेंब पडला.
आता फक्त 'घाबरू' वाचता येतं.

कावीळ उतरतेय म्हणतात.
आठच्या सुमारास खिडकीतून उन्हाचा एक तुकडा येतो
चादरीएवढा.
आम्ही तुला त्यात ठेवतो, ऊन सरकेल तशी सरकवतो,
दोन माणसं आणि एवढंसं वाळवण.

नाव अजून ठरत नाही.
नगर निगमच्या फॉर्मावरचा रकाना कोरा आहे.
तुला आम्ही 'अगं' म्हणतो.
मी 'अगं' म्हटलं की
शाल्मली वळून बघते,
तू नाही.

सातला कचऱ्याची गाडी येते, गात.
मी तीन डबे घेऊन तीन जिने उतरतो.
ओला. सुका. आणि तो तिसरा, झाकणवाला,
जो नव्या घरात आल्यापासून
रिकामाच असायचा.
खांद्यावर सुकलेलं दूध, पायात दोन वेगळ्या चपला.
गाडीवरच्या लोकेंद्रनं झाकण उघडलं,
आत पाहिलं, मग माझ्याकडे.
"भिया, आ गिया क्या कोई?"
"आ गई," मी म्हटलं.
इतक्या मोठ्यानं
मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो काही बोलला नाही. डबा आपटून न झटकता
हलकेच उलटा केला,
आणि पुढे वळून ड्रायव्हरला म्हणाला,
"बंद कर रे भोंगा. गली के पार जाके लगाइयो."

गाडी मुकी गेली.
दोन-तीन घरं चुकलीच तिची.
समोरच्या पोतनीस काकू डबा घेऊन धावत आल्या,
आंबाडा अर्धा सुटलेला,
"आज वाजली कशी नाही मेली?"

तेवढ्यात वरून तू.
अख्खी गल्ली रिकामी होती तुझ्यासाठी.
काकूंनी मान वर केली,
डबा हातातच राहिला.
"अगं बाई," म्हणाल्या,
"म्हणजे रात्रीचं ते मांजर नव्हतं!"

आमच्या खिडकीत शाल्मली उभी होती,
पोट धरून.